निशिगंधाच्या अहवालात निशिगंध का नाही?

प्रश्न मानवतजवळच्या एका गावातल्या मुलीचा आहे. एम.एस्सी. रसायनशास्त्राचं शेवटचं वर्ष, घरी वीस गुंठे निशिगंध. प्रकल्पासाठी तिनं घरचीच फुलं घेतली, सात दिवस सावलीत वाळवली, मिक्सरमधून भुकटी केली, सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं काचेचं उपकरण) मिथेनॉलवर आठ तास चालवली, रोटरीवर (निर्वातात द्रावक उडवणारं यंत्र) ५५ अंशांना आटवली आणि उरलेला तपकिरी चिकटा प्लॅस्टिकच्या नळीत घालून बाहेरच्या प्रयोगशाळेत जीसी-एमएसला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला, पाठवला. अहवालात ४१ नावं आली. सगळ्यात मोठं हेक्झाडेकॅनॉइक आम्ल, २४ टक्के. मग लिनोलेइक आम्ल, मिथाइल पामिटेट, हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल, ९ टक्के डायब्युटाइल थॅलेट, दोन-तीन सिलॉक्सेन. ती विचारते, "मॅडम, निशिगंधाच्या वासाची म्हणून जी नावं वाचली होती त्यातलं एकही यात नाही. यंत्र चुकलं की मी? आणि अण्णा विचारतायत, असा अहवाल दाखवला तर अत्तरवाले फुलाला जास्त भाव देतील का?"

आधी यंत्राची बाजू घेते, कारण आयुष्याची तेवीस वर्षं मी त्याच्याशेजारी काढली आहेत. यंत्र चुकलेलं नाही. त्याच्या तोंडात जे घातलं ते त्यानं सांगितलं. तू त्याला निशिगंध दिलाच नव्हतास. निशिगंधाचा वाळलेला, उकळलेला, आटवलेला सांगाडा दिला होतास.

एकेक नाव घेऊ. हेक्झाडेकॅनॉइक म्हणजे पामिटिक आम्ल. ते पेशींच्या पडद्यांत असतं, मेणात असतं, निशिगंधात असतं आणि बांधावरच्या गाजरगवतातही असतं. कुठल्याही झाडाचा कुठलाही भाग मिथेनॉलमध्ये उकळा, हे गृहस्थ हजर. लिनोलेइकचं तेच. मिथाइल पामिटेट बहुधा फुलात नव्हतंच. गरम मिथेनॉलमध्ये आठ तास आम्ल फिरवलंस, त्यातलं थोडं एस्टर होऊन बसलं. हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल हे साखरेचं लेकरू. फुलात साखर असते, तिला उष्णता लागली की पाणी सुटतं आणि हे तयार होतं. गुळाच्या कढईत होतं तेच तुझ्या फ्लास्कमध्ये आणि यंत्राच्या तोंडाशी असलेल्या २५० अंशांवरच्या इंजेक्टरमध्ये झालं. सिलॉक्सेन तर फुलाचे नाहीतच. जुन्या कॉलमचा (घटक वेगळे करणाऱ्या बारीक लांब नळीचा) आतला लेप आणि इंजेक्टरवरच्या सेप्टमचं, म्हणजे बुचाचं, रबर तापलं की ते झरतात. वर्णपटात, म्हणजे फुटलेल्या रेणूच्या तुकड्यांच्या वजनांच्या आलेखात, ७३, २०७, २८१ असे आकडे दिसले की डोळे मिटून समज, यंत्र स्वतःचंच अंग झाडतंय.

डायब्युटाइल थॅलेटवर मात्र मला दोन मिनिटं थांबायचंय, कारण त्यात एक गंमत आहे. तुझ्या प्रकल्पाचं शीर्षक आहे 'निशिगंधातील ॲरोमॅटिक संयुगांचे विश्लेषण'. रसायनशास्त्रात ॲरोमॅटिक म्हणजे बेंझिनसारखं स्थिर कडं असलेलं. केकुले या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८६५ मध्ये बेंझिनची कड्याची रचना मांडली, आणि नाव मात्र त्याआधीच्या वासावरून पडलेलं चिकटून राहिलं. तेव्हापासून विद्यार्थी फसतात. निलगिरीच्या तेलातला सिनिओल सुगंधी आहे, पण त्यात बेंझिनचं कडं नाही. तो टर्पीन घराण्यातला. थॅलेटमध्ये कडं आहे, पण त्याला सांगण्यासारखा वास नाही. म्हणजे शब्दशः पाहिलं तर तुझ्या अख्ख्या अहवालातलं बेंझिनच्या कड्याचं सगळ्यात मोठं ॲरोमॅटिक संयुग प्लॅस्टिकमधून आलेलं आहे! नळी, वॉश बॉटल, रोटरीला जोडलेला मऊ पाइप, हातमोजे, नाहीतर मिथेनॉलच स्वस्तातलं. कुठूनही आलं असेल. वनस्पतीत थॅलेट 'सापडलं' असं छापणारे शोधनिबंध तुला ढिगानं मिळतील. त्यातल्या किती जणांनी फुलं न घालता नुसतं मिथेनॉल आठ तास त्याच सॉक्सलेटमध्ये फिरवून, त्याच नळीत भरून ते तपासलं होतं, तेवढं बघ. बहुतेकांनी नाही. वर्णपटात १४९ चं शिखर सगळ्यात उंच दिसलं की आधी प्लॅस्टिककडे बोट दाखवायचं, मग फुलाकडे. आणि मार्गदर्शक म्हणतात तसं त्यालाही 'जैवसक्रिय घटक' लिहून तक्त्यात बसवू नकोस. ते चांगल्या हेतूनं सांगत असतील, तक्ता भरलेला दिसावा म्हणून. पण तोंडी परीक्षेला बाहेरून कुणी जाणता आला तर तुझी पंचाईत होईल, त्यांची नाही.

आता मिथाइल बेंझोएट, मिथाइल सॅलिसिलेट ही निशिगंधाच्या वासाची संयुगं गेली कुठे. तू पत्रात लिहिलंयस, "मिथाइल बेंझोएटचा उत्कलनबिंदू १९९ अंश आहे, मी ५५ च्या वर गेलेच नाही, मग ते उडेल कसं?" प्रश्न चांगला आहे आणि चूकही आहे. दोरीवरचा ओला टॉवेल १०० अंशांना वाळतो का? घरात लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्या टाकतात बघ, आजीच्या नऊवारीत. त्या नॅप्थालीनचा उत्कलनबिंदू २१८ आहे. दिवाळीत टाकलेली गोळी पुढच्या दिवाळीपर्यंत हरभऱ्याएवढी उरते, मग तीही नाही. पेटी काही कुणी चुलीवर ठेवलेली नसते. पदार्थ उकळला तरच उडतो असं नाही; त्याचा बाष्पदाब आणि हाताशी असलेला वेळ, एवढं पुरतं. तू त्याला सात दिवस दिलेस, आपल्याकडच्या हवेत. वर रोटरीचा निर्वात. मिथाइल बेंझोएट काय, मिथाइल सॅलिसिलेट काय, फुलं मिक्सरमध्ये जायच्या आधीच पडवीतून निघून गेले होते. त्या सात दिवसांत पडवीत वास येत होता ना? तोच तुझा नमुना होता.

इथं कुणीतरी म्हणेल, मग वसमतची हळद कशी चालते? तिला तर उकडतात, वाळवतात, पॉलिश करतात, आणि तरी वर्षानं तिच्यातून तेल निघतं. फरक झाडाच्या पद्धतीत आहे. हळदीच्या कंदात तेल स्वतंत्र पेशींत साठवलेलं असतं, रांजणात भरून ठेवल्यासारखं. शिवाय त्यातले टर्मेरोनसारखे घटक जड. निशिगंध, मोगरा, जाई यांचं तसं नाही. ही फुलं सुगंध साठवून ठेवत नाहीत म्हटलं तरी चालेल. उमलता उमलता बनवतात आणि बनेल तसा सोडतात. पाकळीच्या पेशीत फेनिलॲलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्यापासून एंझाइमं टप्प्याटप्प्यानं बेंझोएट, सॅलिसिलेट, युजेनॉलच्या कुळातली संयुगं घडवतात. हे काम जिवंत पेशीचं. पाकळी मेली की कारखाना बंद.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा अत्तराच्या धंद्यातूनच आलेला आहे. फ्रान्समधल्या ग्रास गावात काचेच्या तावदानावर चरबीचा थर देऊन त्यावर ताजी फुलं मांडत, ठरावीक वेळानं ती काढून नवी मांडत. चरबी सुगंध ओढून घेई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बर्ट हेसे या जर्मन रसायनतज्ज्ञानं निशिगंधावर तुलना करून दाखवली: द्रावकात बुडवून जेवढं सुगंधी तेल मिळतं, त्याच्या कितीतरी पट चरबीच्या पद्धतीनं मिळतं. कारण उघड आहे. द्रावकात पडलेलं फूल त्या क्षणी मरतं, त्याच्याकडे त्या वेळी जेवढं असेल तेवढंच देतं. चरबीवरचं फूल तोडल्यावरही जगत राहतं, बनवत राहतं, देत राहतं. म्हणून निशिगंधाच्या विश्लेषणात 'किती फुलं घेतली' याच्याइतकाच 'केव्हा घेतली' हा प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि तुझ्या वहीत तोडणीची वेळ लिहिलेलीच नाही.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मोगरा मागवला होता. मे महिना. त्यानं बिचाऱ्यानं पहाटे कळ्या तोडल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च भरल्या, तोंड बांधलं आणि एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या. पाच तासांनी पिशवी माझ्या हातात आली तेव्हा आतून घाम सुटलेला, कळ्या कोमट. मी उत्साहात तशाच बाटलीत भरल्या आणि चालवल्या. आलेखात सुरुवातीलाच इथेनॉल आणि इथाइल ॲसिटेटची प्रचंड शिखरं. मोगऱ्याच्या खऱ्या वासाचे लिनलूल आणि बेंझिल ॲसिटेट होते, पण कोपऱ्यात उभे. मी चार दिवस 'मोगऱ्यातील इथेनॉल' या शोधावर खूश होते! मग आमच्या प्रयोगशाळेतल्या वयस्कर मदतनिसांनी पिशवीत नाक घालून सांगितलं, "मॅडम, हे आंबलंय." हवा कोंडली, कळ्यांचा श्वास गुदमरला, आंबण सुरू झालं. बस्स, एवढंच होतं. त्या दिवसापासून मी नमुना यंत्राला द्यायच्या आधी स्वतःच्या नाकाला देते. तूही दे. रोटरीनंतरच्या त्या तपकिरी चिकट्याला निशिगंधाचा वास येत होता का? काकवीचा येत असणार. तिथंच थांबायला हवं होतं, बाहेरच्या प्रयोगशाळेचे पैसे वाचले असते.

आता पुन्हा करायचं कसं ते सांगते. अजून हंगाम आहे, दिवाळीनंतर थंडी धरली की फुलं कमी होतील.

सैल फुलं आणूच नकोस. दांड्या आण. खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वर कळ्या असलेल्या दांड्या, दुपारी उन्हं उतरल्यावर कापायच्या आणि लगेच पाण्याच्या बादलीत उभ्या करायच्या. निशिगंध खालून वर उमलत जातो, आणि पाण्यात ठेवलेल्या दांडीवरही उमलत राहतो. मानवतहून नांदेडला किंवा परभणीला बादली घेऊन येणं काही अवघड नाही. एसटीत लोक शेळ्या आणतात. म्हणजे संध्याकाळी फूल उमलेल ते थेट प्रयोगशाळेत, यंत्राच्या शेजारी. लांब नळीची पांढरी फुलं रात्री दरवळतात ती अंधारात येणाऱ्या पतंगांसाठी. दुपारी बारा वाजताचं फूल तपासून रात्रीच्या वासाबद्दल लिहिणं बरोबर नाही.

पद्धत कोणती, हे हाताशी काय आहे त्यावर. तुमच्या विभागात एसपीएमईची सुई असेल तर प्रश्नच मिटला. जानुश पावलिशिन यांनी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९९० च्या सुमारास ती काढली. सुईच्या टोकाला लेप दिलेला केसासारखा तंतू असतो. तो फुलाशेजारच्या हवेत अर्धा तास धरायचा, वास त्यावर बसतो, आणि तोच तंतू जीसीच्या गरम इंजेक्टरमध्ये खुपसायचा. ना द्रावक, ना आटवणं, ना मेण. पीडीएमएस आणि डीव्हीबी या दोन पॉलिमरांचा मिश्र लेप फुलांना बरा पडतो. दोन-तीन फुलं देठासकट काचेच्या बाटलीत ठेव, चुरगाळू नकोस. चुरगाळलं की हिरव्या पानाचा वास येतो, हेक्झेनॉलच्या कुळातला, आणि तो जखमेचा वास असतो, फुलाचा नव्हे. बाटली गरम करायचा मोह टाळ. ८० अंशांवर आलेख भरगच्च दिसतो, पण शिजवलेल्या फुलाचा.

सुई नसेल तर थंड हेक्झेन. ताजी उमललेली फुलं शुद्ध हेक्झेनमध्ये अर्धा तास बुडव, काचेच्या झाकणाच्या भांड्यात. गाळ, निर्जल सोडियम सल्फेटवर पाणी काढ, आणि आटवायचं तर नायट्रोजनच्या हलक्या झोतात, थंड पाण्यात बाटली धरून, कोरडं होऊ न देता. रोटरीला हात लावू नकोस. मेणही येईल यात, ते आलेखाच्या शेवटी येतं, येऊ दे. आणि हेक्झेन जवळ असताना खोलीत ज्योत नको. मी हे सांगायला नको, तरी सांगते. पदव्युत्तर प्रयोगशाळांत काय काय पाहिलंय ते इथं लिहीत नाही.

तुझ्या अहवालातली यंत्राची मांडणीही बघितली. भट्टीची सुरुवात ११० अंशांवर आणि पहिली पाच मिनिटं डिटेक्टर बंद. म्हणजे चुकून काही सिनिओल वाचला असता तरी तो दार उघडायच्या आधीच निघून गेला असता. ही मांडणी जड संयुगांसाठी ठेवलेली असते, सगळ्यांचे नमुने एकाच साच्यातून काढायला सोपी. तू मागणी करायची: सुरुवात ५० किंवा ६० अंशांवर, दोन मिनिटं थांबा, मग मिनिटाला ३ अंश या हळू चालीनं २४० पर्यंत. तास-सव्वा तास जाईल. हेलियम महाग आहे, आयात होतो, म्हणून प्रयोगशाळावाले कुरकुर करतील. करू दे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. तुझ्या अहवालात प्रत्येक नावापुढे 'जुळणी ८९ टक्के', '९२ टक्के' असं छापलंय आणि तू ते पुरावा समजून चाललीयस. यंत्र नाव ओळखत नाही, चेहरेपट्टी जुळवतं. ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा मारा करून रेणू फोडतं, तुकड्यांचा नमुना साठवलेल्या लाखो नमुन्यांशी ताडून बघतं आणि सगळ्यात जवळचा सांगतं. साठ्यात नसलेला रेणू आला तरी ते 'माहीत नाही' म्हणत नाही, कुणाचं तरी नाव घेतंच. आणि सेस्क्विटर्पीनसारख्या (१५ कार्बनच्या टर्पीनांच्या) कुळात तर सगळ्या भावंडांची तोंडं एकसारखी. ९३ टक्के जुळणीनं अल्फा-फार्नेसीन छापलं म्हणजे ते अल्फाच, असं म्हणता येत नाही.

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो: संयुग कॉलममधून किती वेळात बाहेर पडलं. नुसती मिनिटं उपयोगाची नाहीत, यंत्र बदललं की बदलतात. त्यावर एर्विन कोव्हाट्स यांनी १९५८ मध्ये तोडगा काढला. सरळ साखळीच्या अल्केनना, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांना, मैलाचे दगड माना. १० कार्बनचं डेकेन म्हणजे १०००, अनडेकेन ११००, असं पुढे. परभणी-नांदेड रस्त्यावर वसमत कुठे आहे हे तू एसटीच्या वेळेवरून सांगितलंस तर गाडीगणिक बदलेल, किलोमीटरच्या दगडावरून सांगितलंस तर नाही. तापमान चढत असताना वापरायचं सोपं सूत्र १९६३ मध्ये व्हॅन डेन डूल आणि क्रात्स यांनी दिलं. समज, तुझ्या यंत्रावर डेकेन १२.४० मिनिटांना आलं, अनडेकेन १६.०० ला, आणि एक पीक (आलेखावरचं, अण्णांचं नव्हे) १५.६९ ला. दोन दगडांतलं अंतर ३.६०, पीक पहिल्या दगडापासून ३.२९ पुढे. ३.२९ भागिले ३.६०, गुणिले १००, येतात ९१. म्हणजे निर्देशांक १०९१. पाच टक्के फेनिल असलेल्या नेहमीच्या कॉलमवर मिथाइल बेंझोएट याच आसपास येतं. वर्णपटात १०५, ७७ आणि १३६ दिसले तर दोन साक्षीदार जुळले.

पण त्याच्याच मागे, ११०० च्या अलीकडे, लिनलूल उभं असतं. दोघं चिकटले तर यंत्र एकच नाव छापेल. तेव्हा १०५ चा तुकडा वेगळा काढून बघायचा आणि ७१ चा वेगळा. दोन टेकड्या वेगळ्या दिसतात. निशिगंधात याहून दगाबाज जोडी अल्फा-टर्पिनिऑल आणि मिथाइल सॅलिसिलेट. दोघंही ११९० च्या आजूबाजूला, एखाद-दोन आकड्यांच्या फरकानं. टर्पिनिऑलचा तुकडा ५९, सॅलिसिलेटचे १२० आणि ९२. मी कितीतरी अहवालांत यातला एक गायब झालेला पाहिलाय, आणि कधी एक गायब, कधी दुसरा, त्या दिवशी कोण मोठा होता त्यावर. तसंच १०३० जवळ सिनिओल, लिमोनीन आणि बेंझिल अल्कोहोल एका बाकावर तिघं बसतात. पुढे रस्ता मोकळा होतो: इंडोल १२९० च्या आसपास, मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट १३३७, मिथाइल आयसोयुजेनॉल १४९२, फार्नेसीन १५०५ च्या पुढे, बेंझिल बेंझोएट १७६० ला. तुझ्या कॉलमवर चार-पाच आकडे इकडेतिकडे होतील, वीस झाले तर शंका घे. प्रयोगशाळेला सांगून ८ ते २० कार्बनच्या अल्केनचं मिश्रण त्याच दिवशी, त्याच मांडणीवर चालवून घे. एक कुपी पुष्कळांना पुरते, मैत्रिणींमध्ये वाटून घ्या.

तिसरा साक्षीदार म्हणजे शुद्ध पदार्थ स्वतः. सगळे विकत घेणं परवडत नाही, पण मिथाइल सॅलिसिलेट आणि मिथाइल बेंझोएट विभागात सापडतील. पहिल्याची बाटली उघडलीस की हसशील. कंबर धरली की जो मलम आपण चोळतो, त्याचा वास. मग निशिगंधाचं फूल पुन्हा नाकाशी धर. त्या गोडव्याखाली एक थंड, औषधी धार आहे, ती आता ओळखू येईल. मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट म्हणजे जांभळ्या द्राक्षाच्या गोळीचा वास. इंडोल मात्र बाटलीतून हुंगू नकोस. फुलात कणभर असतं तेव्हा फुलाला जडपणा देतं, शुद्ध असतं तेव्हा संडासाची आठवण देतं.

यावरून टक्केवारीचं. तुझ्या अहवालातले टक्के हे आलेखाखालच्या क्षेत्रफळाचे आहेत, वजनाचे नाहीत. प्रत्येक रेणू डिटेक्टरला सारखा दिसत नाही, आणि एसपीएमईच्या तंतूचीही आवडनिवड असते, जड घटक तो जास्त ओढतो. 'निशिगंधात अमुक टक्के बेंझिल बेंझोएट' असं लिहायचं असेल तर फुलात नसलेला एखादा पदार्थ, मी नॉनिल ॲसिटेट वापरायचे, मोजून घालावा लागतो आणि त्याच्याशी तुलना करावी लागते. तेवढं जमलं नाही तर 'सापेक्ष क्षेत्रफळ' असा शब्द लिही, ते प्रामाणिक आहे. आणि क्षेत्रफळ मोठं म्हणजे वासात वाटा मोठा, असंही नाही. इंडोलचं आत्ताच सांगितलं.

विषय थोडा आवळून घे. ४१ नावांपेक्षा चार वेळा मला जास्त आवडतील: संध्याकाळी ६, रात्री ९, मध्यरात्र, पहाटे ६. प्रत्येक वेळी तीन वेगवेगळ्या झाडांच्या दांड्या. शक्य असेल तर एकेरी आणि दुहेरी पाकळीचे दोन्ही वाण. सुगंधासाठी एकेरीला मान, पुष्पगुच्छासाठी दुहेरीला, हे व्यापारी सांगतात. तुझ्या आलेखात ते कुठे दिसतं बघ. वाण कोणता याची खात्री करून घे. 'शृंगार' आहे, 'प्रज्वल' आहे की 'फुले रजनी', अण्णांनी कंद कुठून आणले ते विचार, आणि तरी शंका राहिली तर परभणीच्या कृषी विद्यापीठात दांडी दाखव. शास्त्रीय नावही सुधार. पोलिअँथिस ट्यूबरोसा हे जुनं. आता या झाडाला घायपाताच्या कुळात, अगेव्ह अमिका म्हणून धरतात. मूळचं मेक्सिकोचं झाड, घायपातही तिकडचाच.

आता अण्णांचा प्रश्न. नाही, या अहवालावर भाव मिळणार नाही, आणि पुढच्या चांगल्या अहवालावरही लगेच मिळणार नाही. फुलांपासून हेक्झेननं काढलेल्या मेणकट अर्काला काँक्रीट म्हणतात. हजार किलो फुलांना ते साधारण एक किलो निघतं, आणि त्यातून अल्कोहोलनं धुऊन निघणारं ॲब्सोल्यूट त्याहून बरंच कमी. तू लिहिलंयस की भर हंगामात रोज १५ किलो फुलं निघतात. म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम काँक्रीट, तेही फुलं तोडल्यापासून थोड्या तासांत, जवळच कारखाना असेल तर. आपल्या भागातून फूल जाईपर्यंत वासाचं काय होतं ते वर सांगितलंच. अण्णांची फुलं आज हारात आणि वेणीत जातात, तिथं वजनावर आणि टवटवीवर पैसे मिळतात. ते सोडून वीस गुंठ्यांवर अर्काचं गणित मांडू नये. गावातले पाच-सहा जण मिळून काही करायचं म्हणत असतील तर कनौजला सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, सरकारच्या मदतीनं चालतं, तिथं आधी जाऊन यावं. जाताना कागदाच्या अहवालाऐवजी काँक्रीटचा नमुना न्यावा. घेणारा पट्टी बुडवून हुंगतो, मग कागद मागतो.

जुना अहवाल फाडू नकोस. पहिल्या प्रकरणात लाव, वाळवलेल्या फुलांचा म्हणून, आणि शेजारी ताज्या फुलांचा आलेख. परीक्षकांना बोलायला विषय मिळेल.

दांड्या आणशील तेव्हा काचेची एक रिकामी बाटलीही आण. घरूनच झाकण लावून, त्याच बादलीशेजारी ठेवून, त्याच एसटीतून. फुलांच्या आधी ती चालवायची आहे.